शाळा सोडू की नको, आणि झेंडा कुठला?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी १५ची, तुमचा देश एक, मिस्टरांचा दुसरा, वाढतेय तिसऱ्याच देशात, आणि आता म्हणतेय की शाळा सोडते न् फुलटाइम टेनिस खेळते, एमा राडुकानूसारखं. आणि वर तुमच्या घरात भांडण, की खेळायचं कोणाकडून.

आधी एमाचंच घ्या. टोरांटोत जन्म, बाबा रोमानियन, आई चिनी, वाढली लंडनला, आणि २०२१ मध्ये १५०वं रँकिंग असताना क्वालिफायरमधून (म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता मॅचेस जिंकून) येऊन यूएस ओपन जिंकली, १० मॅचेस, एकही सेट गेला नाही. पण त्याच वर्षी तिने ए लेव्हल, म्हणजे तिकडची बारावी, तीही पूर्ण केली होती हो, गणित आणि अर्थशास्त्र! हे मुलीला नक्की सांगा. आणि पुढचंही सांगा, २०२३ मध्ये दोन्ही मनगटांची न् घोट्याची ऑपरेशन्स, कितीतरी महिने खेळच बंद.

तसंही १८ पूर्ण होईपर्यंत डब्ल्यूटीए, म्हणजे प्रोफेशनल महिला टेनिसची संघटना, वर्षाला मोजक्याच प्रोफेशनल टूर्नामेंट खेळू देते, मग शाळा सोडून त्या वेळेचं करणार काय? आणि सगळ्यात खालच्या लेव्हलच्या टूर्नामेंटला बक्षीस म्हणजे सगळ्या खेळाडूंत मिळून १५,००० डॉलर, त्यात विमान, हॉटेल, कोच बसवून बघा. मी तर पालकांना वर्षाचा हिशेब कागदावर मांडायलाच लावतो, मग बरेच जण गप्प होतात.

झेंड्याचं भांडण सध्या ठेवा बाजूला. टूरवर तो फक्त नावाशेजारी असतो, रँकिंगला त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो कुठली असोसिएशन कोचिंग, पैसे, वाइल्ड कार्ड (रँकिंग नसतानाही टूर्नामेंटमध्ये थेट प्रवेश) देते त्याने, तर दोन्हीकडे सरळ लेखी विचारा. फक्त बिली जीन किंग कपला, म्हणजे देशांच्या महिला टीम्सच्या स्पर्धेला, घाई नको, एकदा सीनियर टीमकडून खेळली की नंतर दुसऱ्या देशाकडून खेळणं जवळपास बंदच.

ब्रिटनचा टेनिसपटू कॅमेरॉन नॉरी, त्याचं बघा. जन्म जोहान्सबर्ग, आईबाबा वेल्श-स्कॉटिश, वाढला ऑकलंडला, ज्युनियरला न्यूझीलंडकडून खेळायचा, २०१३ मध्ये ब्रिटनकडे आला. मग टेक्सासच्या कॉलेजात टेनिस, आणि २०२१ मध्ये इंडियन वेल्स ही अमेरिकेतली मोठी टूर्नामेंट जिंकला. मला तुमच्या मुलीसाठी हा रस्ता जास्त पटतो, फक्त बक्षिसाचा पहिला चेक घेण्याआधी कॉलेज टेनिसचे पैशांचे नियम वाचा, ते बदलत असतात.

पुढच्या वेळी मागच्या वर्षभराच्या मॅचेसचे निकाल पाठवा, आणि पत्र तिला स्वतः लिहू दे.