‘कापू का’ आणि ‘कापू नका’

रावेरकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याने विचारलं आहे : ‘टोळीचा मुकादम मला विचारणार होता, “उद्या घड कापू का?” पण मला त्याचा मेसेज आला, “उद्या घड कापू नका”. मी “बरं” असं कळवलं आणि व्यापाऱ्याला गाडी नको म्हणून सांगितलं. सकाळी टोळी बागेत हजर, चाळीसेक घड खाली! एका “न”ने एवढा घोटाळा होतोच कसा?’

भाऊ, हात चुकला मुकादमाचा, पण चुकायची जागा मराठीच्या व्याकरणातच आहे. आज्ञा द्यायची तर आपण ‘कापा’ म्हणतो. मनाई करताना मात्र ‘कापा नका’ होत नाही. ‘कापू नका’ होतं. आणि हेच ‘कापू’ परवानगी मागतानाही येतं : ‘कापू का?’ विचारणं आणि मना करणं, दोन्ही अगदी उलट गोष्टी, आणि त्यांच्यामध्ये उभा एकटा ‘न’. बोलताना गफलत होत नाही, कारण प्रश्नाचा सूर कानाला कळतो. लिहिताना ते काम प्रश्नचिन्हाचं, आणि घाईत तेच आधी गळतं. त्यात तुमचं ‘बरं’ दोन्हीकडे चपखल बसलं. त्याला वाटलं होकार मिळाला, तुम्हाला वाटलं काम थांबलं.

मला वाटतं, मोडका शब्द फारसा घात करत नाही. ‘काप नक’ असं काही आलं असतं, तर तुम्ही लगेच फोन लावला असता. घात करतो तो चुकून उमटलेला दुसरा शुद्ध शब्द. त्याच्याखाली फोन लाल रेघ ओढत नाही.

अनुस्वाराचंही तसंच. व्याह्यांविषयी ‘त्यांचं जेवण झालं का?’ असं विचारायचं आणि टिंब राहून ‘त्याचं जेवण झालं का?’ असं गेलं, तर लेकीच्या सासरी तो एकेरी उल्लेख ठरतो. आदरार्थी बहुवचनातही हा अनुस्वार द्यावा, असं साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांत स्पष्ट आहे. हे टिंब म्हणजे मान आहे. ते गाळू नये, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

‘केळी’चं ‘केली’ झालं तर मात्र फार बिघडत नाही. रोमन अक्षरांतून टाइप करताना ‘ळ’ हुकतोच, आणि ‘केली पिकली’ वाचून आपल्याकडे कुणी अडत नाही. अहिराणीत आपण ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतो, तेही संदर्भाने समजतंच की.

तेव्हा मुकादमाला सांगा, ‘उद्या घड कापायचे का?’ असं लिहीत जा. इथे ‘न’ घुसलाच तर ‘कापायचे नका’ होईल आणि वाचणारा जागीच थबकेल. तुम्हीही नुसतं ‘बरं’ न लिहिता ‘बरं, कापा’ किंवा ‘बरं, कापत नाही’ असं पूर्ण लिहा. त्या दिवशी ‘बरं, कापत नाही’ गेलं असतं, तर मुकादमाने रात्रीच विचारलं असतं.