रोज जिमला जातो, मग रोज फास्ट फूड खाल्लं तर काय होतं?

'मी रोज तासभर जिमला जातो, मग चालेल ना?' हे तुमचं वाक्य वाचलं आणि आमचे मामा आठवले. 'राबणाऱ्याला सगळं पचतंय रे', हे त्यांचं ठरलेलं.

मी बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपला. आठ तास उभ्यानं काम. सुटी झाली की वाटेवरच्या गाड्यावर गोबी मंचुरी, कधी वर एग राइस. दीड वर्ष, आठवड्याचे सहा दिवस. प्लेटला प्लास्टिकची पिशवी चढवलेली, टोचायला दोन काड्या, फ्लॉवर कमी आणि कोबीच जास्त. कढईतलं तेल बदललेलं कधी बघितलं नाही, वरून भर तेवढी पडायची. घरी आईनं झाकून ठेवलेली भाकरी सकाळी म्हशीला.

मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. लालभडक गोबी तपकिरी झाली. मामा खूश. 'आता सरकारनंच शुद्ध करून दिलीय, खा बिनधास्त.' अहो, रंग गेला; मैदा, कॉर्नफ्लोअर, तेल आणि सोया सॉसमधलं मीठ कुठं गेलं?

त्याच वर्षी दिवाळीआधी रक्ताची तपासणी केली. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ३१२. पाहिजे १५० च्या आत. वय ३१, वजन ६४ किलो, पोट सपाट, आणि सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी! मामा म्हणाले, 'लॅबवाल्यांचं काय खरं नसतंय.'

तर जिमचं. व्यायामाचा फायदा आहेच, पण त्यानं रोजची प्लेट माफ होत नाही. मैद्याची साखर भराभर रक्तात येते, खर्चून उरते तिची लिव्हर चरबी करतं. आरशात दिसेलच असं नाही. मिठानं बीपी वाढतं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चोथा नसल्यानं सकाळचे हाल होतात ते वेगळेच.

आता खरं सांगायचं तर माझ्या पाळ्या बदलायच्या, झोप धड नव्हती, आजोबांनाही शुगर होती. सगळं पाप गोबीच्या माथी मारत नाही. पण बाकी काही न बदलता नुसता गाडा सोडला आणि चार महिन्यांत आकडा १७० वर आला. महिन्यातनं एकदा अजून खातो. तुम्ही आधी लिपिड (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून घ्या, मग डॉक्टरांना विचारा.

मामांचं आता नवीन काढलंय: 'पहिल्या तपासणीच्या आदल्या रात्री तू आपला बेळगावी गोड कुंदा हाणला असशील.' नाही मामा. बारा तास पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं.