भाजीचा नेचा: बियाणे घेऊ नका, फवारणी करू नका

प्रश्न (नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, हिंगणा भागातून): आसामात ढेकिया आणि कुमाऊंत लिंगुडा म्हणतात तो भाजीचा नेचा (फर्न) संत्र्यात आंतरपीक म्हणून चालेल का? कृषी केंद्रात बियाणे मिळते. लावलेल्या रोपांची पाने कडेने करपली आहेत, पानांमागे तपकिरी रेघा आल्या आहेत. कोणते औषध मारावे?

उत्तर: कोणतेही नाही.

नेच्याला फूल येत नाही, बी धरत नाही. म्हणून 'बियाण्याचे' पाकीट परत करा. जुन्या झाडाभोवती फुटलेली पिल्ले मुळांसकट काढून पावसाने जोर धरल्यावर, जुलैत लावा. मार्चमध्ये लावा म्हणणाऱ्याला मे महिन्यात वावरात बोलवा आणि ४५ अंशांत काय उरले ते दाखवा.

पानांमागच्या रेघा तांबेरा नाही. पान उलटून नीट पाहा: बाजूच्या शिरांना धरून, आखल्यासारख्या रांगेत आहेत ना? रोग एवढ्या शिस्तीत येत नाही. ते बीजाणू आहेत, नेच्याची पुढची पिढी. त्यावर बुरशीनाशक विकले जाते आणि शेतकरी मारतोही! या भाजीचे कोंब दर थोड्या दिवसांनी खुडायचे असतात, म्हणजे फवारा सरळ ताटात जातो. बाटलीच्या लेबलवर नेच्याचे नाव शोधा. नाही ना? मग फवारू नका.

कडा करपतात त्या कोरड्या वाऱ्याने, बोअरच्या खारट पाण्याने, आणि बहुतेक ठिकाणी युरियाने. याची मुळे वरच्या थरात असतात, मूठभर युरियाने भाजून निघतात. युरिया देऊ नका. दुकानदार 'थोडासा' म्हणाला तरी देऊ नका. ताजे शेणही नको.

हा नेचा मुळात ओढ्याकाठचा, ओलाव्यातला. संत्र्यात लावू नका. त्याच्यासाठी संत्र्याच्या बुंध्याशी कायम ओल ठेवाल तर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) ओढवून घ्याल. विहिरीजवळ, आंब्या-केळीच्या सावलीत एखादा गुंठा पुरे. भारी काळ्या मातीत पाणी तुंबते, म्हणून गादीवाफा करून त्यात कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळा, वरूनही चार बोटे आच्छादन द्या. धुऱ्यावरचा पाला जाळता, तोच इथे आणा. माझ्या मते या पिकाचे अर्धे काम आच्छादनच करते.

कोंब गुंडाळलेला असतानाच हाताने मोडा; उलगडला की चिवट होतो. प्रत्येक झाडावर काही पाने राखा. कच्चे खाऊ नका, उकळून पाणी फेका. रानातला दिसेल तो नेचा तर आणूच नका, काही जाती विषारी असतात.

सावलीसाठीच्या शेडनेटला अनुदान आहे, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. पूर्वसंमतीआधी खर्च करू नका. आणि नागपूरच्या कॉटन मार्केटमध्ये, म्हणजे भाजीबाजारात, घेणारा कोण, ते विचारल्याशिवाय एकराची भाषा नको.