3,600 गेले तर झोप उडाली. 7 लाख गेले तेव्हा?

प्रश्न : वय 41. शेअर बाजाराची भीती वाटते. एका फंडात 60 हजार टाकले होते. रोज रात्री ॲप उघडून बघायचे. सहा टक्के खाली गेल्यावर झोपच लागेना, शेवटी काढून घेतले. आता एक विमा प्रतिनिधी हमखास दुप्पट देणारी योजना सुचवतोय : 10 वर्षं दरवर्षी 1 लाख भरायचे, विसाव्या वर्षाअखेर 20 लाख. ती घेऊ, की धीर करून पुन्हा फंडात जाऊ? एकूण बचत 40 लाख. 12 लाख मुदत ठेवीत, 28 लाख आमच्या कंपनीच्या शेअरमध्ये. ते गेल्या वर्षी 35 लाखांचे होते, सध्या जरा खाली आहेत.

उत्तर : योजनेचं आधी उरकून टाकतो. तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो (पहिला वीस, शेवटचा अकरा). पैसा जितक्या वर्षांत दुप्पट होतो त्या आकड्याने 72 ला भागलं की ढोबळ व्याजदर कळतो; इथे साडेपंधराने भागा. व्याज निघतं साडेचार टक्क्यांच्या किंचित वर. महागाई सहा टक्के धरली, तर इथे हमखास आहे तो तोटा. नको.

आता तुम्ही न विचारलेलं. 60 हजारांवर सहा टक्के म्हणजे 3,600. तेवढ्याने झोप उडाली. कंपनीच्या शेअरमध्ये 7 लाख गेले, त्यांच्या वाट्याला पत्रातले तीन शब्द : 'जरा खाली आहेत'. तुम्ही भित्र्या नाही आहात, भलत्याच गोष्टीला भिताय. बचतीतले 70 टक्के एकाच शेअरमध्ये, आणि पगारही तिथलाच!

एन्रॉन या बड्या अमेरिकी ऊर्जा कंपनीचा शेअर ऑगस्ट 2000 मध्ये 90 डॉलर होता. डिसेंबर 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली तेव्हा तो एका डॉलरच्याही खाली होता. कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतला निम्म्याहून जास्त पैसा त्याच शेअरमध्ये होता. हजारोंची नोकरी आणि पुंजी एकदमच गेली. ही माणसं रोज त्याच इमारतीत बसत होती.

शेअर वर्षभरात चार टप्प्यांत विका, 4 लाखांचे ठेवा. कर किती बसतो ते आधी काढून घ्या. 'पुन्हा 35 झाले की विकेन' हे मात्र मनातून काढा. तुमचा आकडा शेअरला ठाऊक नसतो. हाती येणाऱ्या 24 लाखांतले 18 ठेवींत, 6 इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड), दरमहा 50 हजार करून.

भीती उपदेशाने जात नाही, रक्कम झेपेल एवढी ठेवली की आटोक्यात राहते. अमेरिकेतल्या 500 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक एस अँड पी 500 ऑक्टोबर 2007 ते मार्च 2009 या काळात सुमारे 57 टक्के पडला आणि जुन्या उंचीवर यायला 2013 उजाडलं. तुमच्या 6 लाखांचं तसंच झालं तर साधारण साडेतीन लाख खाली. त्याच्या दुप्पट तुम्ही गेल्या वर्षी पचवलेत, तेही न कळत.

हा साडेतीनचा आकडा आजच कागदावर लिहून ठेवा. ॲप तीन महिन्यांतून एकदा उघडा, तेही सकाळी. एखादी मोठी घसरण अशी निभावलीत की 6 चे 12 करायचे का, ते बोलू. पहिला टप्पा मात्र याच महिन्यात विका.