केसांचा रंग: घरची मोरी की पार्लरची खुर्ची?

लगीनसराई तोंडावर आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतही रंगच रंग. एका ताईंनी तर लिहिलंय, "तुमचं स्वतःचं गोकुळपेठेत पार्लर आहे, तुम्ही कशाला घरी लावा म्हणाल?" म्हणते नं! कोणाला म्हणते आणि कोणाला नाही, ते वाचा.

प्रश्न: ताई, मी मानेवाड्याला राहते, वय 51. दर महिन्याला पार्लरमध्ये मुळांना रंग लावून घेते, आठशे-हजार जातात. माझ्या जाऊबाई घरीच लावतात, दोनशेच्या आत भागवतात, आणि खरं सांगते, त्यांचे केस माझ्यापेक्षा वाईट दिसत नाहीत. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. घरी सुरू करू का?
– वधूमाय, मानेवाडा

उत्तर: जाऊबाई शहाण्या आहेत. तुम्हाला केसांचा मूळचा काळा-तपकिरी रंग ठेवायचा आहे आणि वर आलेले पांढरे झाकायचे आहेत. एवढ्याच कामासाठी दर महिन्याला खुर्चीवर येऊन बसायची गरज नाही. माझ्याकडच्या कितीतरी बायकांना मी हेच सांगितलं आणि त्या आता फक्त कटिंगला येतात. धंद्याचं नुकसान झालं का? झालं थोडं. चालतं.

पाकिटातला क्रीम रंग आणि माझ्या कपाटातली ट्यूब यांचं काम एकाच तऱ्हेनं चालतं. अमोनिया केसाचं वरचं खवलं सैल करतो, पेरॉक्साइडमुळे आत शिरलेल्या द्रव्यांचा रंग तिथेच तयार होतो. फरक आहे तो निवडीचा. पार्लरमध्ये डेव्हलपर, म्हणजे रंगात कालवायचं पेरॉक्साइड, वेगवेगळ्या ताकदीचे असतात: 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9, 40 म्हणजे 12. केस पाहून आम्ही ठरवतो. पाकिटात कंपनीने सगळ्यांसाठी मिळून एकच ठरवलेला असतो. पांढरे झाकायला 6 टक्के पुरतं, म्हणून तुमचं काम पाकिटाने होतं.

आता लावायचं कसं, कारण घरचा रंग बिघडतो तो लावण्यात. केस एक-दोन दिवस आधी धुतलेले असू द्या. त्याच दिवशी धुऊन लावलात तर टाळू जास्त चुणचुणते. पोरीचा जुना गाऊन घाला, खांद्यावर टाकाऊ टॉवेल घ्या, कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलीन फिरवा. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची घ्या, स्टीलची नको. केसांचे चार भाग करून क्लिपा लावा आणि शेपटीच्या कंगव्याने बारीक बारीक भांग पाडत जा. सुरुवात कानशिलापासून. पांढरे तिथेच जास्त असतात आणि हट्टीही तेच असतात, म्हणून त्यांना वेळ जास्त मिळायला हवा. डोक्याची मागची बाजू स्वतःला नीट दिसत नाही. तिथे जाऊबाईंना बोलवा, त्यांच्या मागे तुम्ही उभ्या राहा. दोघींचं काम होईल.

केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. तेवढ्याच नव्या पट्ट्याला रंग हवा. बहुतेक जणी उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून दर वेळी टोकापर्यंत ओढतात, आणि वर्षभरात मुळं तपकिरी, टोकं कोळशासारखी काळी, वर कोरडी. टोकं फिकी वाटलीच तर शेवटची पाच मिनिटं खाली ओढा, बस्स. आणि कालवलेला रंग उरला तर टाकून द्या. झाकण लावून पुढच्या महिन्यासाठी ठेवू नका. तो तासाभरात निकामी होतो, वर बंद बाटलीत वायू साठून बाटली फुटू शकते.

उन्हाळ्यात आणखी एक. नागपुरात एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा कूलरसमोर बसून रंग लावायचा मोह होतो. तेवढं करू नका. थेट वाऱ्याने रंग केसांवरच वाळतो आणि वाळलेला रंग काम करत नाही. कूलर खोलीत चालू असू द्या, तोंड दुसरीकडे वळवा. पाकिटावर जी मिनिटं लिहिली आहेत तेवढीच ठेवा. गरम होतंय म्हणून लवकर धुतलं तर पांढरे तसेच राहतात, आणि पक्का बसावा म्हणून तासभर ठेवलं तर पक्का काही बसत नाही, टाळू मात्र भाजते.

शेड विकत घेताना पाकिटावरच्या बाईच्या फोटोकडे बघू नका, आकडा बघा. 1 काळा, 3 गडद तपकिरी, 4 मध्यम तपकिरी. आपल्याकडच्या बहुतेकींना 3 किंवा 4 शोभतो. पन्नाशीनंतर चेहऱ्याभोवती 1 नंबरचा काळा कुट्ट रंग कडक दिसतो, असं माझं मत आहे. तुम्ही पार्लरमध्ये कोणता लावत होता ते तिथल्या मुलीला विचारून घ्या. सांगायला हरकत नसावी. तुमचंच डोकं आहे.

लग्नासाठी म्हणाल तर या खेपेला पार्लर सोडू नका. पहिला प्रयोग लग्नाच्या तोंडावर कशाला? हळदीच्या चार-पाच दिवस आधी तिथे लावून घ्या, घरचं मांडव उतरल्यावर सुरू करा. आणि घरी पहिल्यांदा लावण्याच्या 48 तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून बघा. खाज, लाली, फोड आले तर ते पाकीट तुमच्यासाठी नाही. "इतकी वर्षं लावतेय, मला काय होतंय" म्हणू नका. ही ॲलर्जी वर्षानुवर्षं लावून झाल्यावरही अचानक सुरू होते.

प्रश्न: नमस्कार ताई. वय 38, कामठीला दुकान आहे. दाढी-मिशी पांढरी होऊन राहिली म्हणून न्हाव्याकडे काळी पावडर लावतो. मागच्या दोन वेळा हनुवटीला खूप खाज सुटली, दुसऱ्या दिवशी ओठाच्या वर सूज होती. आता घरी 'हर्बल काळी मेंदी' लावावी म्हणतो. ती चालेल का?
– एक दुकानदार, कामठी

उत्तर: दादा, नाही. तुमच्या बाबतीत घर की दुकान हा प्रश्नच उरत नाही, कारण दोन्हीकडे तेच लागणार आहे. त्या काळ्या पावडरीत पीपीडी नावाचं द्रव्य असतं. 'काळी मेंदी' म्हणून जी पुडी मिळते तिच्यातही बहुतेक तेच असतं. मेंदीचं पान काळा रंग देत नाही, लालसर-नारिंगी देतं. पाकिटावर पान छापलंय म्हणून भुलू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. अमोनिया नसलेल्या रंगातही पीपीडी असू शकतं, तेव्हा तिकडेही वळू नका.

एकदा सूज आली म्हणजे शरीराने ते द्रव्य ओळखून ठेवलं. पुढच्या वेळी सूज डोळ्यांपर्यंत जाऊ शकते. आजपासून बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नागपूरची सरकारी हॉस्पिटलं आहेतच: मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, कुठेही त्वचेच्या ओपीडीत जा. पाठीवर पट्ट्या लावून नेमकी कशाची ॲलर्जी आहे ते तपासतात. आणि कधी ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर ओपीडीची वेळ बघत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

दाढी बारीक ठेवा. पिकलेल्या दाढीने गिऱ्हाईक कमी होत नाही. हां, कोणी मिशीबरोबर भुवयाही रंगवून देतो म्हणाला तर उठून या. डोळ्यांच्या इतक्या जवळ हा रंग लावायचा नसतो, तसा इशारा पाकिटावरच छापलेला असतो.

प्रश्न: ताई, मी बी. कॉम.ला आहे, हॉस्टेलवर राहते. मला केसांत ॲश ब्लाँड स्ट्रीक्स करायच्या आहेत. सलोनमध्ये सहा-सात हजार सांगतात. मैत्रीण म्हणते ब्लीच पावडर आणून आपण रूमवरच करू, व्हिडिओत सगळं दाखवलंय. माझे केस नॅचरल काळे आहेत, कधीच काही लावलेलं नाही. करू का?
– एक पोट्टी, धरमपेठ

उत्तर: नको गं बाई. वरच्या काकूंना मी घरी लावा म्हटलं, तुला नाही म्हणते. त्यांना केस आहेत तेवढ्याच गडद ठेवायचे आहेत, तुला काळ्यातून काळेपण काढायचं आहे. ते काढायला ब्लीच लागतं आणि काळा केस उजळताना आधी लाल होतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि फिक्या पिवळ्यापर्यंत पोहोचल्यावर त्यावर ॲश टोनर, म्हणजे राखाडी छटा देणारा हलका रंग, बसतो. रूमवरचं ब्लीच नारिंगीवर थांबतं, कारण तिथे तुम्ही दोघी घाबरता. व्हिडिओतल्या मुलीचे केस मुळातच फिके असतात, ते कोणी सांगत नाही. शिवाय टाळूची ऊब असते, म्हणून मुळं टोकांपेक्षा लवकर उजळतात. वर पिवळी, खाली काळी, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीत निघणाऱ्या काळी आणि पिवळी अशा दोन्ही मारबती एकाच डोक्यावर! आणि मग तू येणार आमच्याकडे दुरुस्तीला. दुरुस्ती सहा-सात हजारांत होत नाही.

सलोनमध्ये करायचंच असेल तर पैसे देण्याआधी विचार: एका बैठकीत होणार की दोन? टोनर या किमतीत धरलाय की वेगळा? माझ्या लांबीला हाच दर की जास्त? दुसऱ्या बैठकीआधी किती दिवस थांबायचं? उत्तरं देताना जी मुलगी तुझा केस हातात घेऊन बघते, ओढून ताण बघते, तिच्याकडे कर. तुझ्याकडे न बघता दरपत्रकाकडे बोट दाखवते, तिच्याकडे नको.

आणि हेही ऐक. टोनर काही आठवड्यांत उतरतो. इथलं ऊन, त्यात हॉस्टेलचं पाणी बोरिंगचं असेल तर राखाडीचा पितळी रंग व्हायला वेळ लागत नाही. दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा खर्च. तुला खरंच मजाच करायची असेल तर गॅदरिंगसाठी क्लिपच्या रंगीत बटा लाव, रात्री काढून ठेव. सीताबर्डीत हव्या त्या रंगाच्या मिळतात.

प्रश्न: सुरुवातीपासून केसांना मेंदीच लावते, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवून. आता केस केशरी दिसतात म्हणून तपकिरी रंग करायचा आहे. पार्लरवाली म्हणते मेंदीच्या केसांना मी हात लावणार नाही. ती टाळतेय का?
– एक गृहिणी, सक्करदरा

उत्तर: टाळत नाहीये, भितेय. बरोबर भितेय. शुद्ध मेंदीवर गडद रंग बसतो, अडचण नाही. फक्त मेंदीवरून फिका रंग करून मागू नका, मेंदीचा रंग निघत नाही. पण बाजारातल्या काही मेंदीच्या पुड्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात, आणि त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, तुटतात. तुमच्या पुडीत काय होतं हे तुम्हालाच माहीत नाही, तर तिला कसं कळणार?

त्यावर उपाय आहे. कंगव्यात आलेल्या केसांचा बोटाएवढा पुंजका जमा करा आणि पार्लरमध्ये नेऊन द्या. रंग आणि डेव्हलपर कालवून त्यात अर्धा तास बुडवून ठेवायला सांगा. तापला, वास आला, चिकट झाला, तर मेंदीचा भाग वाढून कापला जाईपर्यंत रंग नाही. काही झालं नाही आणि रंगही आवडला, तर खुशाल करा. हे पहिल्यांदाच असल्यामुळे पार्लरमध्येच करा, पुढची मुळं घरी लावा.

मेंदी सोडायची नसेल तर मेंदी धुतल्यावर त्याच दिवशी नीळ, म्हणजे इंडिगोच्या पानांची पावडर, पाण्यात कालवून लावा. केशरी झाकून तपकिरी ते काळसर छटा येते. वेळ जातो, मोरी निळी होते, पण पीपीडी नको असलेल्यांना हा रस्ता आहे. पावडर घेताना पाकिटात फक्त नीळच आहे ना, ते वाचून घ्या.

प्रश्न: वय 67. आता रंग सोडायचा आहे, पण अर्धे पांढरे, अर्धे काळे घेऊन लग्नकार्यात कसं जायचं?
– एक आजी, महाल

उत्तर: आजी, खांद्यापर्यंतचे केस असतील तर आपोआप सगळे पांढरे व्हायला दोन वर्षांच्या आसपास लागतील. लवकर हवं असेल तर कापा. आधी तीन-चार महिने रंग न लावता थांबा, मग मानेपर्यंत, मग आणखी थोडे. मधल्या काळात काळ्या भागात पार्लरमधून बारीक फिक्या बटा काढून घेतल्या तर मुळांची रेघ डोळ्यांत भरत नाही. ते घरी करू नका, ब्लीच आहे त्यात. लग्नकार्य असेल त्या दिवशी अंबाडा आणि गजरा, रेघ गजऱ्याखाली जाते. पांढऱ्या केसांना पिवळट झाक आली तर जांभळा शाम्पू मिळतो, आठवड्यातून एकदा लावा, दोन-तीन मिनिटांत धुवा. जास्त वेळ ठेवलात तर केस जांभळे होतील आणि नातवंडं सोडणार नाहीत.