नॅलोक्सोन: प्रतिविष का उतारा?

प्रश्न असा आलाय की मॉर्फिन, फेंटानिल असलं काही (ओपिऑइड गटातली जबर वेदनाशामकं) जास्त झालं की नॅलोक्सोनचं इंजेक्शन देतात, त्याला मराठीत प्रतिविष म्हणावं का. मला विचाराल तर नको, आपल्याकडे ‘उतारा’ आहे की आणि तो इथे अगदी चपखल बसतो.

बघा, आपल्याकडे विष चढतं, नशा चढते आणि दोन्ही उतरतात, जे उतरवतं तो उतारा (सातबाराचा उतारा वेगळा). प्रतिविष म्हटलं की सर्पदंशावरचं इंजेक्शन आठवतं, ते विषालाच धरून निकामी करतं. नॅलोक्सोन मॉर्फिनला हातही लावत नाही, मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर (औषध जिथे चिकटतं त्या जागेवर) मॉर्फिन बसलेलं असतं तिथून त्याला उठवतं आणि स्वतः जागा अडवून बसतं. शिरेतून दिलं की एक-दोन मिनिटांत मंदावलेला श्वास वाढतो, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. पण त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटंच, मॉर्फिन तर अंगात तसंच असतं, म्हणजे उतरलेलं परत चढू शकतं, म्हणूनच पेशंट उठून बोलायला लागला तरी त्याला लगेच घरी सोडत नाहीत.

नाल्ट्रेक्सोनला मात्र उतारा म्हणू नका. ते औषध ओपिऑइडचं व्यसन सुटल्यावर परत लागू नये म्हणून देतात, तेही आधी ७ ते १० दिवस ओपिऑइड पूर्ण बंद असेल तरच, नाहीतर पेशंटचे भयंकर हाल होतात. त्याला ‘रोधक’ बरा.

आणि एक कळकळीची विनंती, ओपिऑइडला सरसकट ‘अफू’ म्हणू नका. शब्द मुळात तिथूनच आलेत हे खरं, ग्रीक ओपिऑन, अरबी अफ्यून, आपलं अफू, पण फेंटानिल पूर्ण लॅबमध्ये बनतं, त्याला खसखशीचं बोंड लागतच नाही. माझ्या मावशीला कॅन्सरमध्ये दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी होती, भेटायला आलेलं कुणीतरी तिच्यासमोरच ‘आता अफूवर ठेवलंय’ म्हणालं, तर ती दोन दिवस गोळ्या उशीखाली लपवत राहिली आणि रात्रभर कण्हत पडायची. शेवटी सिस्टर शेजारी बसल्या, म्हणाल्या, ‘मावशी, ही दुखण्याची गोळी आहे’, तेव्हा कुठे तिने हात पुढे केला.