विद्यापीठाच्या वेलनेस सेंटरमध्ये इंटर्नशिप करावी का? पोस्टर चिकटवण्यापलीकडे तिथे काही शिकायला मिळतं का?

करा. पण रुजू होण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. तुमच्यावर देखरेख करणारे प्रशिक्षित समुपदेशक तिथे रोज असतात का? आणि संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर काही झालं तर फोन कोणाला करायचा? याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरी जागा बघा.

मी एमए मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाची ओजेटी, म्हणजे अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, आमच्या विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षात केली. ४ क्रेडिटचे १२० तास, विद्यावेतन काही नाही. पहिल्या आठ-दहा दिवसांत तुमची शंका खरीच ठरली. आम्ही दोघी पोस्टर रंगवायचो आणि चिकटवायचो. ‘ताणतणाव व्यवस्थापन’ या विषयावर व्याख्यान ठेवलं तर सभागृहात अकरा डोकी, त्यातली सहा आमच्याच वर्गातली. मला फार वाईट वाटलं. तेव्हा समुपदेशक मॅडम म्हणाल्या, “मुलं कुठे असतात ते आधी बघ. मग टेबल तिथे ने.”

मुलं मेसच्या रांगेत असतात. म्हणून टेबल मेसच्या दाराशी नेलं. मागे एक मोठा तक्ता लावला आणि त्यावर एकच प्रश्न लिहिला: काल रात्री किती तास झोपलात? खाली चार ते आठ असे रकाने आणि शेजारी टिकल्यांची पाकिटं. ज्याने त्याने आपल्या रकान्यात टिकली लावायची. नाव नाही, सही नाही. परीक्षा तोंडावर होत्या. दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत पाचच्या रकान्यात टिकल्यांना जागा उरली नव्हती. टिकली लावताना माणूस क्षणभर थांबतो आणि तिथेच बोलणं सुरू होतं. ‘डिप्रेशन’ हा शब्द फारसा कोणी काढला नाही. ‘मन लागत नाही’, ‘वाचलेलं डोक्यात शिरत नाही’, ‘घरून फोन आला की उचलावासा वाटत नाही’, अशा शब्दांत मुलं बोलायची.

एक मुलगी म्हणाली, “ताई, मी फार आळशी झालेय.” जिना चढताना धाप लागायची, दुपारी डोळे मिटायचे आणि नाश्ता म्हणजे चहा-बिस्किटं. मी तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. हिमोग्लोबिन निघालं ८.४. बाईचं ते किमान १२ तरी असायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. हा आकडा मी परीक्षेत लिहिलाही होता, पण समोर बसलेल्या मुलीशी त्याचा संबंध लावायला मला तो रिपोर्ट हातात यावा लागला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर ती त्या चहासोबतच घ्यायला लागली! चहामुळे लोह अंगी नीट लागत नाही हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मग लिंबूपाण्यासोबत घेऊ लागली. आपण मानसशास्त्रवाले मनाचा विचार करताना शरीर विसरतो, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

दुसरा प्रसंग अवघड होता. एका संध्याकाळी एका मुलाने आपली स्पर्धा परीक्षेची सगळी पुस्तकं मित्रांना वाटून टाकली, असं त्याचाच एक मित्र सांगत आला. असं सगळं वाटून टाकणं ही धोक्याची खूण असू शकते, म्हणून मी त्या मुलाजवळ जाऊन बसले. प्रशिक्षणात शिकवलं होतं की आडवळणाने विचारू नका, विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. तरी माझी जीभ कोरडी पडली होती. “जीव द्यावासा वाटतो का?” असं विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग मान हलवून हो म्हणाला. मी सल्ला दिला नाही, ‘असं नाही बोलायचं’ म्हटलं नाही. त्याला एकटं सोडलं नाही, मॅडमना फोन केला आणि त्या येईपर्यंत सोबत बसून राहिले. माझं काम तेवढंच होतं. पुढचं मॅडमनी, डॉक्टरांनी आणि त्याच्या घरच्यांनी केलं. तो आता परत शिकतोय.

इंटर्न म्हणून आपण समुपदेशक नसतो. ऐकायचं आणि योग्य माणसापर्यंत पोचवायचं. कानावर आलेलं खोलीत, वर्गात, ग्रुपवर कुठेही बोलायचं नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयता हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आजच फोनमध्ये टाकून ठेवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

त्या मुलासोबत बसले होते त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी माझी टिकली चारच्या रकान्यात गेली. मॅडमनी ती पाहिली, केबिनचं दार लावलं आणि तासभर मला बोलू दिलं. देखरेखीचं आधी विचारून घ्या असं म्हटलं ते या तासासाठी.